आखूड क्रँकची सायकल

सायकल ‘बांधतात’ असं मी म्हटलं की ऐकणारा हमखास विचारतो, “बांधतात म्हणजे? तयारच मिळते ना?” आता मिळते. मी पारनेरला दुकान टाकलं तेव्हा ती लुधियानाहून तुकड्यातुकड्यांत यायची. गोणपाटात गुंडाळलेली फ्रेम, जुडी करून बांधलेल्या तारा, पुडीत बेअरिंगचे छर्रे, खोक्यात हब आणि पायडलं. त्या ढिगातून चालती सायकल उभी करायची म्हणजे सायकल बांधायची. त्यात सगळ्यात अवघड चाक. मागच्या चाकाच्या चाळीस आणि पुढच्याच्या बत्तीस तारा एकमेकींत ओवून रिमला जोडायच्या, मग एकेक तार थोडी ताणत, थोडी सैल सोडत चाक असं आणायचं की फिरवल्यावर ते डावी-उजवीकडं केसभरही डुलू नये. याला आम्ही आऊट काढणं म्हणतो. माझ्या हातचा आऊट तालुक्यात नावाजलेला होता. हे मला स्वतःलाच लिहावं लागतंय, कारण सांगायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक गुरुजी हवा भरून झाली की दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून बघायचे आणि रोज म्हणायचे, “पुढच्यात कमी वाटते.” मी रोज पंप लावायचा, नुसता दट्ट्या हलवायचा, की गुरुजी खूश. एक नवरदेव लग्नाच्या चार दिवस आधी येऊन सासऱ्यानं सांगून ठेवलेल्या सायकलवर बसून गेला. घंटीचा आवाज बारीक आहे म्हणून त्यानं तीन घंट्या बदलून घेतल्या. दूधवाल्यांच्या सायकली तर मी डोळे झाकून ओळखायचो, आंबूस वासावरून.

अशा कामाला हत्यारं किती लागतात? मला वाटायचं, फार नाही. माझ्या पिशवीत दोन पाने, एक पक्कड, हातोडी, छिन्नी, तारांची चावी आणि ग्रीसचा डबा असायचा. एवढ्यावर मी शेकड्यांनी सायकली बांधल्या होत्या. जे हत्यारानं निघत नाही ते छिन्नी-हातोडीनं निघतं, असा माझा सिद्धांत होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर किसन हवालदार माझ्या दुकानात आले तोपर्यंत तो टिकला.

ते एसटीतून उतरून चालत आले. डावा पाय गुडघ्यात पुरता वाकत नव्हता. प्रत्येक पावलाला तो कंपासच्या दांडीसारखा बाजूनं फिरवून पुढं आणावा लागे. पन्नाशीला टेकलेले, ताठ, मिशी कापून सारखी केलेली. फौजेत रणगाडे दुरुस्त करण्याच्या वर्कशॉपमध्ये होते, पेन्शन घेऊन गावी आलेले. बाकड्यावर बसायला सांगितलं तर बसले नाहीत.

“मिस्तरी, सायकल बांधायचीय. माझ्या घरी, माझ्यासमोर.”

“इथं आणा ना साहेब. इथं सगळं हाताशी आहे.”

त्यांनी माझ्या दुकानात एक नजर फिरवली. “कुठं हाय?” म्हणाले.

मला राग आला, पण माणूस काही वेगळंच मागत होता, म्हणून मी ऐकून घेतलं. त्यांचं गाव पारनेरपासून दहा-बारा किलोमीटरवर, पठारावर. गावाला पाणी पुरवणारी विहीर मात्र खाली ओढ्याकाठी. मधला तीन किलोमीटरचा रस्ता म्हणजे मुरूम, दगड आणि चाकोऱ्या, सगळा चढ. खालचा पंप सकाळी आणि दुपारी चालू-बंद करायला ग्रामपंचायतीला माणूस हवा होता. मोटारींचं काम जाणणारा हवालदारांशिवाय गावात कोणी नव्हता. पण सरपंच म्हणाले होते, “साहेब, तुमचा पाय असा. रोज दोन येळा खाली-वर कसं करनार? गाव तान्हेलं राहिल्यावर मला जोडे मारत्याल लोक.” शेवटी महिनाभर करून दाखवा, मग बघू, असं ठरलं होतं.

मोपेड घ्या म्हणावं, तर तिला तसल्या रस्त्यावर दम नव्हता. मोटारसायकलला किक मारायची तर सगळा भार डाव्या पायावर घ्यावा लागतो, आणि तो पाय भार घेत नव्हता. डॉक्टरांनी गुडघा हलता ठेवा म्हणून सांगितलेलं. तेव्हा त्यांनी लुधियानाकडच्या आपल्या एका फौजी दोस्ताला पत्र घालून गिअरच्या सायकलचं सामान मागवलं होतं. त्या सायकली तेव्हा नव्यानंच आल्या होत्या. सरळ हँडल, जाड खाचांचे टायर, पुढं दोन दातेरी चकत्या, मागं पाच. चेन या चकतीवरून त्या चकतीवर सरकवली की चढावर पाय हलका पडतो. मी ती नगरला एका दुकानाच्या काचेतून पाहिली होती, तेवढीच. हवालदारांना तसं म्हणालो नाही. म्हणालो, “बांधू की.”

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी माझं दुकान बंद असे. त्या दिवशी पिशवी घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात लिंबाखाली स्वच्छ धुतलेली चादर अंथरलेली. खोकं अजून फोडलेलंच नव्हतं.

“हत्यारं मांडा,” हवालदार म्हणाले.

मी पिशवी उपडी केली. ते वाकून एकेक हत्यार बघत राहिले. पाना हातात घेऊन त्याच्या झिजलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. छिन्नी उचलली.

“ही कशाला?”

“फ्रीव्हील काढायला. पुढंमागं लागलं तर.”

“छिन्नीनं?”

“हो. मारायची की येतं.”

“दात तुटून येतं,” म्हणाले आणि छिन्नी चादरीबाहेर ठेवली. मग पक्कड बाहेर गेली. मग दोन्ही पाने, मग हातोडी. चादरीवर शेवटी तारांची चावी आणि ग्रीसचा डबा एवढंच राहिलं. एवढ्यात त्यांच्या बायको अनसूयावहिनी चहा घेऊन आल्या, चादर बघितली आणि म्हणाल्या, “मिस्तरींना तरी ठेवलंय का चादरीवर, का त्यांना बी काढलं?”

वहिनींनी मला चहा दिला तो घरातल्याच कपात, हवालदारांच्या कपासारख्याच. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, हे त्यांना माहीत होतं. त्या काळी गावात गेल्यावर कप कुठला आला हे आम्ही बघायचो. बघतोय हे दाखवायचो नाही.

त्या दिवशी सायकलचा एक नटही बसला नाही. हवालदारांनी वहीचा कागद घेऊन यादी केली. चाकाच्या मधल्या हबचे शंकूसारखे कोन आवळायला लागणारा पातळ पाना, कारण जाड पाना तिथल्या फटीत शिरत नाही. फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्या, काढायची खाचांची चावी. चेनची कडी सोडवायचा पंच. चांगली कानस. तारा कापायची धारदार कटर, म्हणजे ब्रेकच्या वायरची टोकं पिंजणार नाहीत. “हे सगळं आणा. मग हात लावू.” मी परत निघालो तो मनातल्या मनात त्यांना शिव्या देतच.

पण खरं सांगतो, पुढचे पंधरा दिवस मजेत गेले. नगरला जाऊन मी दुकानं पालथी घातली. एक खाचांची चावी मिळाली नाही, ती हवालदारांनी कागदावर आकृती काढून दिली आणि एका टर्नरनं करून दिली. मी गेलो की ते काहीतरी तयार करून ठेवलेलं असे. फ्रेमच्या डोक्यात, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यासाठी, वरखाली दोन वाट्या बसवायच्या असतात. आम्ही लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकायचो. कधी वाटी तिरकी जायची, मग पुन्हा ठोका. त्यांनी एक लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट घेतले, बोल्ट फ्रेमच्या डोक्यातून आरपार घातला आणि नट आवळत गेले. दोन्ही वाट्या एकाच वेळी सरळ आत, आवाज नाही की काही नाही. मी ते तीनदा काढून तीनदा बसवून बघितलं. फ्रेम टांगायला लिंबाच्या फांदीला दोरीचे दोन फास. चाकाचा आऊट काढायला उलटा धरलेला चिमटा आणि त्याला बांधलेला खडू. जिथं चाक डुलतं तिथं खडू लागतो. आऊट मात्र मीच काढला. ते शेजारी बसून बघत होते. चाक सुटं फिरायला लागलं, खडूला कुठंच लागेना, तेव्हा म्हणाले, “हे मला जमलं नसतं.” एवढंच. पण मला ते पुरलं.

त्यांच्या गुडघ्याचं कोडं मी सोडवलं, याचा मला आजही अभिमान आहे. पायडल ज्या दांडीला असतं तिला क्रँक म्हणतात. पायडल वर आलं की गुडघा पोटाकडं वाकतो. त्यांचा डावा गुडघा तेवढा वाकतच नव्हता. वर आला की अडायचा आणि ते कळवळायचे. मी दोन दिवस विचार केला. मग लहान मुलांच्या भंगारातल्या सायकलचा डावा क्रँक काढून आणला. चार-पाच बोटांचं अंतर कमी. पायडल वर कमी येणार, गुडघा कमी वाकणार. उजवा क्रँक पुरा, डावा आखूड. सायकल थोडी लंगडी दिसली, पण हवालदारांचा पाय पहिल्यांदा गोल फिरला. वहिनी दारात उभ्या होत्या. हवालदार लिंबाला टेकवलेल्या सायकलवर बसून मागं मागं पायडल फिरवत राहिले, उगीचच, बराच वेळ.

आता चुकीकडं येतो.

क्रँक मधल्या आसाला घट्ट राहतो तो एका खिळीमुळं. तिला कॉटर म्हणतात. बोटाएवढी, एका बाजूनं तिरपी घासलेली. ती क्रँकच्या भोकातून आसाच्या खाचेवर अचूक टेकली पाहिजे. मी आणलेला क्रँक भंगारातला. त्याचं भोक झिजून मोठं झालेलं. नवी कॉटर घातली तर आत खुळखुळली. यावर खरा उपाय एकच, नवा क्रँक. तो आखूड मापाचा नगरला सांगून आणावा लागला असता, म्हणजे आणखी आठवडा. आणि सोमवारपासून हवालदारांचा पंपाचा महिना सुरू होणार होता. शिवाय मी थकलो होतो. पंधरा दिवस प्रत्येक नटाला तपासणी.

आमच्या धंद्यात यावर एक इलाज होता. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा पट्टी करून कापायचा, कॉटरभोवती गुंडाळायचा आणि ठोकायचा. घट्ट बसते. मी शंभर वेळा केलं असेल. नेमके त्याच वेळी सरपंच सायकल बघायला आले. हवालदार त्यांच्याशी ओट्यावर बोलत उभे राहिले. मी पाठ करून पट्टी गुंडाळली, तीन ठोके मारले, नट आवळला.

ओट्यावरूनच हवालदारांनी विचारलं, “कॉटर बसली?”

“बसली,” मी म्हणालो.

सोमवारी ते गेले. मंगळवारी गेले. सरपंच स्वतः घाटाच्या तोंडाशी उभे राहून बघत होते म्हणे. शुक्रवारी सकाळी उतारावर चाकोरी चुकवताना हवालदार दोन्ही पायडलांवर उभे राहिले, आणि डावा क्रँक गर्रकन फिरला. ते दगडांच्या चारीत पडले. गळ्याखालचं हाड मोडलं, कानशिलाला टाके पडले.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, टोमॅटोच्या टेम्पोतून सायकल दुकानात आली तेव्हा. ड्रायव्हरनं निरोप सांगितला आणि सुटा झालेला क्रँक हातात दिला. भोकात पत्र्याची पट्टी होती, चुरगळून काळी पडलेली. मी ती काढून खिशात घातली. दुकानात तिघंचौघं होते. एक जण म्हणाला, “रस्ताच तसला हाय. त्यात पायानं अधू मानूस. त्याला सायकल कशाला पायजे?” मी सायकल आत ओढली. पट्टी काय असते हे त्यातल्या कोणालाच कळलं नसतं. हवालदारांनाही कळलं नसतं. कॉटर तुटली म्हणालो असतो की संपलं. तो सबंध दिवस मी एकही काम धड केलं नाही. गुरुजी हवा भरायला आले आणि म्हणाले, “आज दोन्हीत कमी वाटते.” बघितलं तर मी पंपाची नळीच लावली नव्हती.

रविवारी दुकान उघडलं नाही. गावी गेलो. हवालदार खाटेवर पडून होते, हात गळ्यात बांधलेला. मी खिशातून पट्टी काढून त्यांच्या समोर धरली.

“हवालदारसाहेब, कॉटर बसली नव्हती. मी हे घातलं होतं.”

त्यांनी चांगल्या हातानं पट्टी घेतली, बोटांनी सरळ केली. “कशाचा पत्रा?”

“गोडेतेलाच्या डब्याचा.”

“मी इचारलं हुतं तुमाला.”

“हो.”

त्यांनी पट्टी खाटेवर ठेवली आणि तोंड भिंतीकडं केलं. “जावा तुमी,” म्हणाले.

मी बाहेर आलो. पायात चपला घालता येईनात, डावी कुठली उजवी कुठली. वहिनी लिंबाखाली ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ह्या बोलतील. त्या म्हणाल्या, “बसा जरा.” मी बसलो.

“त्यांचा पाय कशानं गेला, ठावं हाय का तुमाला?”

“लढाईत लागलं ना?”

“गावाला तसंच वाटतं. आमी तसं कुनाला सांगितलं न्हाई, अन् न्हाई बी म्हटलं न्हाई.” त्या सूप हलवत राहिल्या. “रनगाड्याखाली काम चाललं हुतं. जॅकला जोड म्हनून लोखंडी घोडा लावायचा आस्तो. तो लांबच्या शेडमदी हुता. आनायचा कंटाळा केला आन् लाकडाचा ठोकळा लावला. दुसऱ्या कुनी न्हाई लावला मिस्तरी. ह्यांनीच लावला. ठोकळा सरकला.”

हवालदार आता नाहीत. वहिनी आहेत, आणि त्यांना विचारूनच हे लिहितोय. “लिवा की,” म्हणाल्या, “लढाईपरीस हे खरं हाय.”

त्या दिवशी मी विचारलं, “वहिनी, पंपाचं काय? तो महिना?”

“पंप चालू हाय.”

“कोण करतंय?”

“मी. काल दोनदा जाऊन आले, आज सकाळी गेल्ते. ह्यांनी कागदावर लिवून दिलंय, कुठलं बटन आधी, किती येळ थांबायचं. सरपंच म्हनला, बाईमानूस कसं करनार? म्हटलं, बटन काय मानूस बघून चालू हुतंय व्हय?” मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, “पर तीन किलोमीटर उतार आन् तीन किलोमीटर चढ, दोन येळा. माझे पाय ऱ्हायले न्हाईत. तुमी रडत बसू नका. हे उठायच्या आत सायकल घेऊन या, हत्यारं घेऊन या.”

“ते बोलत नाहीत माझ्याशी.”

“बोलतील. खाटंवर पडून मानूस किती येळ भितीकडं बघंल?”

मी नगरहून आखूड मापाचा नवा क्रँक आणि वेगवेगळ्या जाडीच्या सहा कॉटरी आणल्या. आठ दिवसांनी सायकल घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. हवालदारांची खाट लिंबाखाली आणलेली होती. मी चादर मागून घेतली, अंथरली आणि एकेक हत्यार मांडलं, तोंडं एका बाजूला, मुठी एका बाजूला. ते बघत होते. बोलले नाहीत. मी आस बाहेर काढून पुसला, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, ग्रीस लावलं. नवा क्रँक चढवला, कॉटर उचलली आणि भोकात घालणार, तोच आवाज आला.

“कानस कुठाय?”

माझ्या हातातून कॉटर पडली.

“कानस हाय,” मी दाखवली.

“आगं,” त्यांनी घरात हाक मारली, “काजळाची डबी आन.”

वहिनींनी डबी आणली. हवालदारांनी सांगितलं ते असं: कॉटरच्या तिरप्या बाजूला काजळाचा पातळ हात द्यायचा. ती भोकात हलकेच घालून बाहेर काढायची. जिथं ती आसाला टेकते तिथलं काजळ पुसलं जातं आणि लोखंड चमकतं. तेवढीच जागा कानशीनं घासायची. पुन्हा काजळ, पुन्हा घालायची. सबंध बाजू एकसारखी चमकली की कॉटर खरी बसली. पहिल्या वेळी शेंगदाण्याएवढा डाग चमकला. म्हणजे मी आजवर ‘बसली’ म्हणत होतो त्या सगळ्या कॉटरी शेंगदाण्याएवढ्या जागेवर बसत होत्या.

एका कॉटरला तीन तास लागले. मध्ये दोनदा मी “आता झालं” म्हणालो आणि दोनदा त्यांनी ती उन्हात धरून बघितली, परत दिली. तिसऱ्यांदा बघून त्यांनी मान हलवली. मी नट आवळला. सायकल लिंबाखाली उभी राहिली.

“बसा,” म्हणाले.

“मी?”

“तुमीच बांधली. घाटानं खाली जावा, पंपाला हात लावा, वर या.”

मी आयुष्यभर सायकली बांधल्या, पण बांधून झालेली सायकल अंगणात एक चक्कर मारून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, एवढीच सवय. तो घाट मी उतरलो तेव्हा माझे दोन्ही पाय निरोगी आणि एक क्रँक आखूड. उजवा पाय लांब जायचा, डावा मध्येच संपायचा. हसू यायला हवं होतं. मला घाम फुटला होता. हवालदार पडले ती चारी आली तेव्हा मी पायडलांवर उभा राहिलो, कारण ते उभे राहिले होते. सगळं वजन टाकलं. क्रँक हलला नाही. खाली ओढ्याकाठी पोचलो, पंपाला हात लावला आणि सायकल वळवली.

त्यानंतर मी दुकानात काजळाची डबी ठेवली. लोक हसले. “मिस्तरी, सायकलला नजर लागती का?” कॉटर बदलायला आलेला माणूस तासभर थांबायला तयार नसायचा, काही जण शेजारच्या दुकानात गेले ते कायमचे गेले. त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते आधीच्यांचं. पत्र्याच्या पट्ट्या घालून मी किती सायकली रस्त्यावर सोडल्या, त्यातलं कोण कुठं पडलं, कोणी रस्त्याला दोष दिला, कोणी नशिबाला, हे मला कधीच कळणार नाही. माझ्याकडं परत फक्त एकच पट्टी आली.

हाड जुळायला दीड महिना लागला. तोवर पंप वहिनींनी चालवला. एक दिवसही गाव कोरडं राहिलं नाही, आणि सरपंचांनी तो महिना हवालदारांच्या नावावर धरला. कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर वहिनी होत्याच.

हवालदार पुन्हा सायकलवर बसणार त्या दिवशी सकाळीच मी पारनेरहून निघालो आणि वर गावात न जाता परस्पर खाली ओढ्यावर जाऊन थांबलो. बघतो तर पंपाच्या खोलीमागं वहिनी. त्या घरून “शेताकडं जाऊन येते” म्हणून निघाल्या होत्या. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही घाटाकडं तोंड करून उभे राहिलो.

आधी आवाज आला, ब्रेक लागल्याचा, मग टायरखालच्या मुरमाचा. वळणावरून ते दिसले. ताठ बसलेले, डोक्याला फौजेतली जुनी टोपी. चारीजवळ जरा हळू झाले. वहिनींनी माझ्या दंडाला धरलं, धरलंय हे त्यांना कळलं नसावं. हवालदार पायडलांवर उभे राहिले, चाकोरी ओलांडली आणि पुन्हा बसले.

खाली आले, सायकल भिंतीला लावली. आम्हा दोघांकडं बघून काही विचारलं नाही. खोलीत गेले, पंप चालू झाला, पाईपात पाणी चढल्याचा गुरगुराट आला. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, “शेत इकडं कवा आलं गं?”

“आलं आजच,” वहिनी म्हणाल्या.

टाकी भरेपर्यंत आम्ही तिघं ओढ्याकाठी बसलो. मग त्यांनी पंप बंद करून सायकल घेतली. उजव्या बाजूनं, उलटं चढायची त्यांची पद्धत होती. ताठ डावा पाय वरून फिरवून पलीकडं टाकायचा. चढ सुरू होतो तिथं त्यांनी चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकली. त्या गिअरला पाय भराभर फिरतात आणि सायकल मात्र चालत्या माणसाच्या बेतानं पुढं सरकते. वहिनी शेजारून चालू लागल्या. पदर कमरेला खोचला, आणि काहीतरी सांगायला सुरुवात केली. हवालदारांचं एक पायडल मोठं फिरत होतं, एक लहान, आणि ते मान वळवून ऐकत होते. मध्येच वहिनी कशावर तरी हसल्या. मी खाली उभा होतो. वळण येईपर्यंत दोघं एका रेषेत होती, ना ते पुढं, ना त्या मागं.